क्लिक झालं की थांबायचं

बोल्ट किती आवळायचा ते हाताला कळतं, असं जो म्हणतो त्याच्या गाडीत मी बसत नाही. हे मी तोंडावर सांगतो. बहारीनच्या मीना सलमान बंदराजवळ आमचं वर्कशॉप, तिथं त्यामुळे मला तोंडाळ म्हणतात. म्हणू देत. हाताला कळत असतं तर टॉर्क रेंच बनवणारा येडा होता काय?

त्या गुरुवारी वकार परकार सकाळीच व्हॅन घेऊन आला. वकार आमच्याच गावचा, दापोलीकडला, इथं एका जहाज कंपनीत क्लार्क. आल्या आल्या म्हणाला, "ताहिर, फक्त ऑइल बदल. दुपारी निघायचंय."

निघायचं कुठं हे अख्ख्या बहारीनमधल्या आमच्या गावकऱ्यांना ठाऊक होतं. वकारची आई, सायराखाला, व्हिजिट व्हिसावर आली होती आणि वकार तिला उमऱ्याला नेत होता. समुद्रावरचा पूल ओलांडायचा, सौदीत शिरायचं आणि सरळ रस्त्याने मक्का. बरोबर बायको बिल्किस आणि दोन पोरं. सौदीचा व्हिसा महामुश्किलीने मिळाला होता आणि आत शिरायची शेवटची तारीख होती तोच गुरुवार. रात्री बाराच्या आत पुलावर सौदीचा शिक्का पडला नाही तर खलास. पुन्हा व्हिसा मिळेपर्यंत खालाच्या मुंबईच्या विमानाची तारीख येणार होती. ती म्हातारी पुन्हा गाव सोडून एवढ्या लांब येईल, हे तीसुद्धा खरं मानत नव्हती.

मी ऑइल सोडलं आणि सवयीने पुढचं चाक धरून हलवलं. चाक हललं. म्हणजे जेवढं हलायला नको तेवढं हललं. खाली शिरून पहार लावली. दोन्ही बाजूच्या लोअर आर्मचे बुश फाटलेले, रबर नुसतं लोंबतंय. बॉल जॉइंटही खडखडत होता. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा लोखंडी हात. तोच खांद्यातून निखळलेला.

"वकार, ही गाडी पुलापर्यंत जाईल," मी म्हणालो. "पुढचं अल्लाला विचार."

तो पांढरा पडला. "कालपासून स्टेअरिंग थरथरत होतं. मला वाटलं टायरात हवा कमी असेल."

"वाटत राहा. मी आर्म आणतो."

दुपारची दुकानं बंद व्हायच्या आत दोन्ही आर्म बॉल जॉइंटसकट आणले. दुपारच्या जुहरच्या अजानपर्यंत नवं ऑइल भरून दोन्ही बसवलेसुद्धा. हात नुसते पळत होते. आर्मला गाडीच्या अंगाशी धरणारे दोन्ही बाजूंचे मिळून चार बोल्ट घातले, नट हाताने फिरवून नुसते टेकवले. आणि तिथं अडलो. हे चार किती आवळायचे?

माझ्याकडे टॉर्क रेंच होता. जुफैरच्या नौदल तळावरचा एक अमेरिकन घरी परत जाताना विकून गेलेला, जाड, चकचकीत, हातभर लांब. आकडा लावायचा आणि ओढायचं. तेवढं बळ पडलं की दांड्यात क्लिक होतं, हाताला झटका बसतो. तिथं थांबायचं. पण आकडा कुठून आणायचा? या मॉडेलवर मी आधी कधी हात टाकला नव्हता. एजन्सी गुरुवारी दुपारी बंद. मी ऑफिसातल्या फोनवर बसलो.

एजन्सी सोडून गेलेला एक फिलिपिनो मेकॅनिक माझ्या ओळखीचा होता. झोपेतून उठून म्हणाला, एकशे सत्तावीस. सलमाबादच्या एका पठाण उस्तादला लावला. तो म्हणाला, तेरा, आणि फोन आपटला. जुफैरला अमेरिकनांच्या गाड्या दुरुस्त करणारा एक केरळी होता. तो म्हणाला, चौऱ्याण्णव, डोळे मिटून लाव.

मी बाहेर आलो तर वर्कशॉपात जत्रा. खालाला भेटायला गावचे लोक नईम मोहल्ल्यातून, कुठून कुठून थेट गॅरेजातच आले होते. खाला एका सुटकेसवर पांढऱ्या कपड्यांत बसलेली, पोरं टायरांच्या ढिगावर, आणि बिल्किसभाभी सगळ्यांना थर्मासमधून चहा ओततेय. मी तीन आकडे सांगितले.

"तीन माणसं, तीन आकडे," बिल्किस म्हणाली. "बोल्ट आवळताय की निकाहातली मेहेरची रक्कम ठरवताय?"

लोक हसले आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. आमच्या जमातीचे म्होरके मुकादमचाचा पुढे झाले. धिप्पाड माणूस, तरुणपणी बंदरावर दोरखंड ओढलेला. गावच्या निम्म्या पोरांचे व्हिसा चाचांनी काढलेले, माझासुद्धा. त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे कोण बोलत नसे.

"एकशे सत्तावीस लाव," चाचा म्हणाले. "जास्त घट्ट ते जास्त पक्कं. त्यात काय विचारायचं?"

"आणि बोल्ट तुटला मग?"

"लोखंड हाय ते. तुझ्यासारखं नाजूक नाय."

तेवढ्यात राजन सबनीस आपली गाडी न्यायला आला. पुण्याचा इंजिनीअर, एका कारखान्यात मेंटेनन्सला. गाडीचा एसी महिन्यातून एकदा बिघडवून आणायचा. मी त्याला तिन्ही आकडे सांगितले.

"युनिट काय विचारलंस?"

"घाईत नाही विचारलं."

"घाईत माणसं लग्न करतात रे. टॉर्क नाही बघत." त्याने व्हॅनच्या धुळकट बॉनेटवर बोट टेकवलं. "तुझा उस्ताद जपानी गाड्यांवरच शिकला ना? मग तो किलो-मीटरमध्ये बोलणार, म्हणजे मीटरभर दांड्याला इतके किलो. तेरा. त्याला नऊ पॉइंट आठने गुण."

त्याने बोटाने धुळीत गुणाकार मांडला. उत्तर यायच्या आधीच मला ते दिसलं होतं. एकशे सत्तावीस आणि वर थोडं.

"हा तुझा फिलिपिनो. न्यूटन-मीटर," राजन म्हणाला. "आता अमेरिकन माप, फूट-पाउंड. तेराला साधारण सव्वासातने गुण."

"चौऱ्याण्णव," मी म्हणालो. तोंडी. त्याचं बोट अजून धुळीतच होतं.

तीन माणसं, एकमेकांची तोंडं न पाहिलेली, तीन देशांची, आणि तिघांनी एकच गोष्ट सांगितली होती. मी रेंच उचलून दांड्यावरची अक्षरं बघितली. फूट-पाउंड. चाचांचं ऐकून याच्यावर एकशे सत्तावीस लावला असता तर बोल्टाचा जीव गेला असता. तेरा लावला असता तर चाक पुलावर आमच्या पुढे धावलं असतं.

"यल्ला, चला," मी ओरडलो. "व्हॅन खड्ड्यावर घ्या."

आमच्याकडे जमिनीत खणलेला खड्डा होता. गाडी वर, चाकं जमिनीवर, मेकॅनिक खाली. हे बोल्ट असेच आवळायचे असतात, गाडी स्वतःच्या पायावर उभी असताना. चाकं लोंबती ठेवून आवळले तर आतलं रबर पिळलेल्या अवस्थेत जखडतं आणि पहिल्या खड्ड्याला फाटायला लागतं. राजनने आणि मी पुढून गाडी दाबून दाबून हलवली, ती आपल्या जागी बसू दिली. मग मी खाली उतरलो. चौऱ्याण्णव लावला. क्लिक. दुसरा, क्लिक. तिसरा. चौथा. प्रत्येक नटावरून बोल्टावर पिवळ्या रंगाची सरळ रेघ मारली, म्हणजे नट जागचा हलला तर रेघ तुटलेली दिसते. वर आलो तेव्हा मी घामाने चिंब होतो आणि असा खूश की राजनला मिठी मारली. त्याचा शर्ट बाद झाला. तो शिव्या देत आपली गाडी घेऊन गेला.

दुपार कलली, असरची अजान झाली. मी म्हणालो, "नमाज पढून येतो, चाकांचे नट तपासतो, की सुटा." आणि कोपऱ्यावरच्या मशिदीत गेलो.

परत आलो तर खड्ड्याभोवती सगळे टिश्यूने हात पुसत उभे. काळं ग्रीस. चेहऱ्यांवर असं समाधान की लग्नाचं जेवण जेवून उठलेत. चाचांच्या हातात माझा लांब पाना होता आणि त्याच्या टोकाला जॅकचा पाईप खोचलेला.

काही न विचारता खड्ड्यात उडी मारली, टॉर्च लावला. पिवळ्या रेघा तुटलेल्या. चारही. नटावरचा तुकडा एकीकडे, बोल्टावरचा दुसरीकडे.

"कोण उतरलं होतं इथं?" मी खालून विचारलं.

"आम्ही सगळे," वरून आवाज आला. अभिमानाने.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या गावची रीत आहे. हजला, उमऱ्याला कोण निघालं की त्याच्या सामानाच्या दोरीला प्रत्येकाने एक गाठ मारायची. आपली गाठ मक्केला जाते, सवाबात, त्या पुण्यात, आपला वाटा पडतो. पण वकारच्या सुटकेसना कुलपं होती, दोरी नव्हतीच. लोक रिकाम्या हातांनी उभे. मग चाचांना सुचलं, की गाठ काय आणि बोल्ट काय, शेवटी आवळायचंच. बिस्मिल्ला म्हणून पान्याला पहिला हिसका त्यांनी दिला. मग एकेक जण उतरला आणि आपापला हिसका देऊन वर आला. वकारनेसुद्धा दिला. आपल्याच गाडीला.

मी वर आलो. वकारसमोर हात पसरला. "चावी."

"का रे?"

"चावी दे. ही गाडी हलणार नाही. चारी बोल्ट गेले."

"गेले कसे? घट्ट तर झालेत."

"मेलेत. प्रेमाने मारलेत तुम्ही."

चाचा पुढे आले. "जबान सांभाळ, ताहिर. एवढी माणसं दुआ देऊन वर आली आणि तू मेले म्हणतोस?"

"दुआ तोंडाने द्यायची, चाचा. पाईप लावून नाही."

कोणीतरी हसू दाबलं. चाचांचा चेहरा काळा-निळा झाला. "तुझा व्हिसा कोणी काढला ते विसरलास?"

"नाही विसरलो. मेकॅनिक म्हणून काढलात ना? मग मेकॅनिकचं ऐका."

चाचांना असं कोण बोलत नाही. पण मी पहिला बोल्ट सोडायला खाली उतरलो, कारण नुसत्या बोलण्याने ही माणसं ऐकणार नव्हती. बोल्ट बाहेर काढला, पुसला, वर आणून सगळ्यांसमोर धरला. सुट्या नटांच्या पेट्यांतून त्याच आट्यांचा एक कोरा नट शोधला.

"बघा. नवा नट, बोटांनी फिरवतो."

नट फिरत फिरत गेला आणि अर्ध्यावर अडला. बोटांनी पुढे जाईना. वकारने घेऊन बघितला, त्याच्याकडूनही नाही.

"इथं आटे ताणले गेलेत," मी म्हणालो. "बोल्ट रबरासारखा असतो. ठरल्याइतका ताणला तर परत खेचून धरतो. त्याच्यापुढे ताणला की सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखा. दिसायला घट्ट, आत दम नाही. सौदीच्या रस्त्यावर हा सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी लोळते."

मागून एक म्हातारा बोलला, "त्या वाटेवर मौत आली तर नशीबच म्हणायचं."

माझं डोकं सटकलं. "तुमचं नशीब तुम्ही बघा. मागच्या सीटवर दोन पोरं बसणार आहेत. त्यांना विचारलंत?"

आता माझ्यावर सगळे तुटून पडणार होते. तेवढ्यात सुटकेसवरून सायराखाला म्हणाली, "वकार, चावी त्याच्याकडं दे."

"अम्मा, आज नाय गेलो तर..."

"मना ठाऊक हाय आज काय हाय. मी उमऱ्याला निघालेय, मरायला नाय निघालेय." मग तिने त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. "तुला एवढी हौस हाय तर तू जा दुसऱ्या गाडीने. मना परत येऊन मच्छीचं कालवण खायचंय."

वकारने चावी माझ्या हातात टाकली आणि डोकं धरून टायरावर बसला. "नवे बोल्ट कुठून आणणार? तुझ्याकडं हायत?"

"नाहीत. दुकानं उघडली असतील आता. पण मला हे बाकीचे तीन सोडायचेत. कोणीतरी जा."

जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. नमुना कसा दाखवायचा, कुठल्या दुकानात जायचं, ट्रॅफिक किती असेल. बिल्किसने थर्मास खाली ठेवला, माझ्या हातातून तो मेलेला बोल्ट घेतला आणि दुसरा हात पुढे केला. "तुझ्या पिकअपची चावी."

"भाभी, क्लच कडक आहे."

"माझी सासू बघितलीस ना आत्ता? क्लचाचं काय सांगतोस?"

खाला हसली. बिल्किस गेली. गेटातून अशी बाहेर पडली की वॉचमन बाजूला उडी मारून उभा राहिला.

मी खड्ड्यात. सोडताना नट किंचाळत होते. दोन मला एकट्याला सुटेनात, पाईप लावावा लागला. चाचांनी वापरलेला तोच पाईप. वर पोरं विचारत होती, "अब्बा, आर वी गोइंग ऑर नॉट?" आणि वकार दर वेळी म्हणत होता, "इंशाल्ला." त्याच्या इंशाल्लाचा आवाज दर वेळी बारीक होत होता. ऊन उतरलं, वर्कशॉपातले दिवे लागले. गुरुवार संध्याकाळ, म्हणजे अर्धी सौदी इकडे आणि अर्धं बहारीन तिकडे. पुलावर गाड्यांची रांग लागायला सुरुवात झाली असणार, हे सगळ्यांच्या मनात होतं आणि कोणाच्याच तोंडात नव्हतं.

पिकअपचा हॉर्न ऐकू आला. लांबून, सलग. बिल्किस खाली उतरायच्या आधी तिने पुडकं खिडकीतून फेकलं. मी झेललं. चार बोल्ट, चार नट, कोरे, तेलकट कागदात.

"पहिला दुकानदार म्हणाला, आजच्या दिवस जुनेच चालवा," ती म्हणाली. "मी म्हणाले, तू बस मग पुढच्या सीटवर. दुसऱ्याकडं मिळाले."

मी नवा नट नव्या बोल्टावर फिरवून बघितला. बोटांनी शेवटपर्यंत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. लोकांनीही बघितला. कोणीतरी "माशाल्ला" म्हणालं. मी चारही घातले, हाताने टेकवले आणि वर बघून ओरडलो, "आता मला माणसं हवीत. सगळी. बोल्टाला हात लावायचा नाही. गाडीला पुढून धरा, दाबा आणि सोडा. नवे आर्म जागेवर बसायला हवेत. मी थांब म्हणेपर्यंत."

बॉनेटवर, बंपरवर, मडगार्डवर तळवे पडले. बायकांचेसुद्धा. "बिस्मिल्ला," आणि गाडी माझ्या डोक्यावर खाली आली, वर गेली, पुन्हा खाली. स्प्रिंग उसासे टाकत होते. धूळ माझ्या डोळ्यांत पडत होती. वर पोरं खिदळत होती, कोणीतरी लग्नातल्यासारखी लय धरली होती, आणि आर्म आपल्या नव्या बुशात असा गुबगुबीत हलत होता की मला ओरडावंसं वाटलं.

"थांब."

गाडी स्थिर झाली. मी रेंच घेतला, आकडा पुन्हा बघितला. चौऱ्याण्णव. टॉर्च तोंडात धरला आणि पहिल्या नटावर रेंच लावणार, तेवढ्यात पायऱ्यांवर जड पावलं वाजली. चाचा खाली येत होते. खड्डा एवढा अरुंद की आम्ही छातीला छाती लावून उभे. मला वाटलं, झालं, आता इथंच कानफटात.

त्यांनी माझ्या तोंडातला टॉर्च काढून घेतला.

"लाळ गळतेय तुझी," ते म्हणाले. "मी धरतो. कुठं मारू उजेड?"

"नटावर."

मी ओढलं. क्लिक.

चाचा वाट बघत राहिले. मी रेंच काढून घेतला.

"बस?"

"बस."

"एवढंच?"

"एवढंच."

"माझ्या हिशोबाने अजून लय जागा होती," ते पुटपुटले. पण उजेड त्यांनी दुसऱ्या नटावर नेला, मी न सांगता. क्लिक. तिसरा. चौथ्याला माझा हात घामाने घसरला, मी पँटला पुसला, पुन्हा धरलं. ओढलं. क्लिक.

वरून खालाचा आवाज आला. ती खड्ड्याच्या कडेला वाकली होती. "झालं का रे? का तुम्ही दोघं मक्केपर्यंत खालूनच येताय?"

"झालं, खाला. बसा गाडीत. वकार, रांगेत घुसाघुशी करू नकोस. आणि सौदीत गेल्यावर पहिल्या पंपावर चाकांचे नट बघ. हाताने नाही. मी पाना ठेवलाय सीटखाली."

मी वर चढून चाकांचे नट आवळले. चाचा खड्ड्यातच राहिले. वकारने इंजिन चालू केलं तेव्हा मी खाली वाकून त्यांना म्हणालो, "चाचा, वर या. गाडी निघाली. खालाला भेटा."

"थांब," ते म्हणाले. टॉर्च अजून लावलेलाच होता. ते मान वर करून एकेका नटाजवळ जात होते, उजेड टाकत होते आणि दुसरा हात पाठीमागे घट्ट धरून ठेवत होते. मग त्यांनी वकारला हाक मारली, "हळू घे. डावीकडून. मी बघतोय खालून."

गाडी त्यांच्या डोक्यावरून मागे सरकली, खड्डा उघडा पडला आणि दिव्याचा उजेड त्यांच्या अंगावर आला. ग्रीसने माखलेले, डोळे मिचकावत. खालाने खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना सलाम केला. गाडी गेटातून वळली आणि पुलाच्या रस्त्याला लागली, चाकं सरळ, जराही न डगमगता. बाराला अजून चार तास होते.

चाचा पायऱ्या चढून वर आले, धापा टाकत. टॉर्च माझ्या हातात दिला.

"परवा माझी गाडी घेऊन येतो," ते म्हणाले. "माझे बोल्ट मीच आवळलेत सगळे."